वानवळा कोठें गेला?

मावळांतील शेतकऱ्याच्या घरीं भाजी विकत येते, असें आमच्या आजोबांस कोणीं सांगितलें असतें तर त्यांनीं सांगणाऱ्याच्या कपाळास हात लावून ताप आहे कीं काय तें पाहिलें असतें. तांदूळ विकावा, मीठ विकत घ्यावें, लुगडें विकत घ्यावें, हें त्यांस ठाऊक होतें. पण अळूचीं चार पानें, मूठभर मिरच्या आणि दारचा भोपळा यांस पैसे मोजणारा कुणबी त्यांनीं पाहिला नव्हता. आज तो पाहावयाचा असेल तर लांब जावयास नको. सायंकाळीं लोणावळ्याच्या बाजारांत उभे राहा. औंढे, औंढोली, देवले, पाटण, मळवली या बाजूचीं माणसें दिवसभर बंगल्यांवर, हॉटेलांत, रस्त्याच्या कामावर खपून घरीं परततांना हातांत जी प्लास्टिकची पिशवी नेतात, तींत काय आहे तें डोकावून पाहा. पाव किलो वांगीं, चार टमाटे आणि एक कोथिंबिरीची जुडी. आणि ती जुडी बहुधा पुण्याच्या मार्केट यार्डाचें दर्शन घेऊन साठ-पासष्ट किलोमीटर वर चढून आलेली, पानें पिवळीं पडलेली. ज्या मुलखावर वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, जेथें काठी रोवली तर तिला पालवी फुटावी अशी माती आहे, त्या मुलखाच्या धन्याची ही भाजी! याला कोणी प्रगति म्हणत असेल तर त्यानें खुशाल म्हणावें. आम्हांस ती म्हणवत नाहीं.

आमच्याकडे वानवळा म्हणून एक रीत होती. ज्यांचे केस पिकले आहेत त्या वाचकांस ती समजावून सांगण्याचें कारण नाहीं; पण ज्यांनीं भाजी फक्त तराजूंतच पाहिली त्या पोरांसाठीं दोन शब्द लिहितों. मांडवावर पहिले दोडके धरले कीं घरांत शिजण्यापूर्वीं त्यांतले दोन शेजारीं जात. भोपळा कापला कीं त्याच्या फोडी चार घरीं वाटल्या जात, कारण एवढा भोपळा एका घराला कधींच संपत नसे. वालाच्या शेंगा आल्या कीं लेकीच्या सासरीं पिशवी जाई. शेवगा एकाच्या दारीं, कढीपत्ता दुसऱ्याच्या परसांत, केळीचें बन तिसऱ्याच्या न्हाणीमागें, आणि लिंबू चौथ्याच्या विहिरीवर. पण खाणारें मात्र सगळें आळें. ज्या भांड्यांतून वानवळा आला तें भांडें रिकामें परत पाठवूं नये असा दंडक होता. कांहीं नसलें तर गुळाचा खडा तरी त्यांत टाकीत. हिशेब कोणी लिहीत नसे, आणि तरीहि कोणीं किती दिलें तें गांवांतल्या प्रत्येक म्हातारीस पाठ असे!

शहाणीं माणसें या रीतीला भोळा भाव म्हणतील. आम्ही तिला चोख व्यवहार म्हणतों. परसांतली भाजी ही धान्यासारखी नाहीं. धान्य कणगींत राहतें. भाजी येते तेव्हां एकदम येते आणि दोन दिवसांत कुजते. आठ दिवस घोसाळीं इतकीं, कीं जेवणाऱ्यानें ताटावरून उठून जावें. आणि पुढें पंधरा दिवस मांडव रिकामा. अशा पिकाला सांठवण्याची जागा एकच, आणि ती म्हणजे शेजाऱ्याचें घर. आज माझें तुझ्याकडे ठेवलें, उद्यां तुझें माझ्याकडे येईल. ना व्याज, ना दलाल, ना हमाली. भाजीबरोबर बींहि फिरे. एका घरची वेल किडीनें गेली, तरी तिचें वाण दुसऱ्या दोन घरीं जिवंत असे. आज कृषि विद्यालयांतील विद्वान ज्याला बीज-बँक म्हणतात ती आमच्या आयांच्या शिंक्यावर गाडग्यांत टांगलेली होती.

जें भाजीचें तेंच अंगमेहनतीचें. सावड आणि इर्जिक हे शब्द आमच्या वाचकांस सांगावयास नकोत. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल, दोघांचें औत. भाताच्या लावणीला आज तुझ्या खाचरांत दहा माणसें, उद्यां माझ्या खाचरांत तींच दहा. जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांत महादेव कोळी बांधवांनीं याच रीतीनें, पडकई असें नांव देऊन, उतारावर बांध घालून भाताचीं खाचरें तयार केलीं. त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेताला कोणा सावकाराचा पैसा लागला नाहीं, एकमेकांचे हात लागले.

येथवर वाचून आमचे जुने लोक मान डोलावतील आणि म्हणतील, काय तें पूर्वीचें गांव! त्यांची मान डोलत असतांनाच आम्हांस आमच्याच माणसांचें एक उणें काढणें भाग आहे. हा वानवळा कोणाच्या दारीं जात होता? भाऊबंदांच्या, सोयऱ्यांच्या, फार तर माळ्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या. ज्या वस्तीला तेव्हां महारवाडा म्हणत त्या वस्तींत तो जात नव्हता. तिकडे गेलें तें उरलेलें, शिळें, वरून टाकलेलें. कातकऱ्याच्या पोरीनें भर पावसांत रान तुडवून आणलेलीं करटुलीं, भारंगी, कुड्याच्या शेंगा आम्ही मूठभर तांदळावर घेत होतों, आणि त्या तांदळाचें माप घालतांना आमचा हात कसा आखडत होता तें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. तिच्या झोंपडीकडे आमच्या मांडवावरचा दोडका कधीं गेला काय? उलट वरच्या अंगास मात्र आमचा हात मोठा सैल. सणावाराला शिधा, पहिलें फळ, पहिलें दूध, हें सारें न मागतां पोंचवावयाचें, आणि त्यास पुण्य म्हणावयाचें. बलुत्याचीहि तीच गोष्ट. खळ्यावर कारागिराला धान्य मिळे खरें, पण किती तें ठरविणारा हात कारागिराचा नव्हता. तेव्हां जुनें गांव जसेंच्या तसें परत आणा, असें आम्ही म्हणत नाहीं, आणि म्हणणारही नाहीं. जोतीराव फुले हे स्वतः माळ्याच्या, म्हणजे फुलें-भाजी पिकविणाऱ्या घरांतले. त्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळा केला. परसांतल्या वाटपाला ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांनीं तेथून करावा.

आतां औंढ्याकडे वळूं. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी वर आली तेव्हांपासून या टापूस परक्या पैशाची संवय लागली. पण त्या काळीं साहेब आणि शेठ हवा खाऊन परत जात, जमीन कुणब्याची कुणब्याकडे राही. २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला आणि मुंबई अडीच-तीन तासांवर आली. मग काय विचारतां! ज्या मुरमाड उतारावर नाचणी-वरीखेरीज कांहीं येत नव्हतें त्याच्या गुंठ्यागुंठ्याचा भाव होऊं लागला. जमीन विकणाऱ्या शेतकऱ्यास आम्ही दोष देणार नाहीं. भाताच्या एका पिकावर मुलीचें लग्न, मुलाचें शिक्षण आणि बापाचें औषधपाणी निभत नाहीं, हें ज्याच्या घरीं घडलें त्यास ठाऊक. पण जमिनीबरोबर काय काय गेलें याची याद कोणी केली काय? घरामागचें परस गेलें, कारण घर रस्त्याला सरकलें. मांडवाच्या काठ्या ज्या रानांतून येत तें रान कुंपणांत गेलें. शेणखत गेलें, कारण गुरें गेलीं. आणि आमचा तरणा पोर, ज्याचा बाप या मातींत आंबेमोहोर पिकवीत होता, तो आतां त्याच मातींत दुसऱ्याच्या हिरवळीला पाणी घालतो. ती हिरवळ गाय खात नाहीं, माणूस खात नाहीं. तिला फक्त कापावयाचें आणि फेंकावयाचें. महिनाअखेर पगार घेऊन तो बाजारांत कोथिंबिरीची जुडी घेतो.

पाण्याची कथा तर याहून विचित्र. आमच्या माथ्यावर पडणारें पाणी १९१५ सालापासून तळ्यांत अडवून खोपोलीच्या वीजघराकडे उतरविलें जात आहे. पवनेचें पाणी नळांतून शहराकडे नेण्याच्या बेताविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजीं मावळचा शेतकरी बऊरजवळ द्रुतगति मार्गावर आला, तेव्हां पोलिसांच्या गोळीबारांत तीन माणसें मेलीं, त्यांत एक बाई होती. ज्या तालुक्यांत पाण्यासाठीं रक्त सांडलें त्या तालुक्यांत फाल्गुन सरतां सरतां वाडी-वस्तीवरच्या बायका हंडा घेऊन फिरतात. मग परसांत मिरचीचें रोप जगवावें कसें?

या मावळच्या मातींत काय पिकत नाहीं? वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरांतून इंद्रायणी तांदूळ काढला, १९८७ सालीं तो शेतकऱ्यांच्या हातीं आला, आणि आज पुण्या-मुंबईचे लोक तो नांव घेऊन मागतात. तळेगांवच्या बाजूला हरितगृहांतून गुलाब पिकतात आणि फेब्रुवारींत प्रेमिकांच्या दिवसासाठीं विमानानें परदेशीं जातात. ज्यांनीं हा धंदा अंगमेहनतीनें उभा केला त्यांचा आम्हांस अभिमान आहे. पण २०२० सालीं काय झालें तें विसरूं नका. मार्चमध्यें टाळेबंदी आली आणि फुलें फेंकून देण्याची पाळी आली. ३ जूनला निसर्ग वादळ आलें आणि कित्येक हरितगृहांचा कागद फाडून गेलें. पुण्याचें मार्केट यार्डहि त्या दिवसांत कांहीं काळ बंद होतें. तेव्हां ज्यांच्या दारीं शेवगा होता, अळू होतें, कणगींत वाल होते, त्यांच्या ताटांत कालवण होतें. गुलाबाचें कालवण होत नाहीं! त्या दोन महिन्यांत कित्येक गांवीं वानवळा पुन्हां चालूं झाला, आणि बाजार उघडतांच पुन्हां बंद पडला. म्हणजे रीत मेलेली नाहीं. पैसा खुळखुळला कीं ती झोंपी जाते, इतकेंच.

भाजी नसली म्हणून कोणी मरत नाहीं, भात-आमटीवर पिढ्या गेल्या, असें कोणी म्हणेल. त्यानें हे आकडे वाचावे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकीं शेंकडा ५४.२ बायका रक्तक्षयी आढळल्या. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांत हें प्रमाण शेंकडा ६८.९ भरलें. अंगांत रक्त नसण्याचीं कारणें पुष्कळ, जंत आहेत, लागोपाठचीं बाळंतपणें आहेत. पण ताटांत हिरवें पान नसणें हें त्यांतलें मोठें आणि सोपें कारण आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणसानें रोज निदान ४०० ग्राम भाजी-फळें खावीं. पांच माणसांच्या घराला हे झाले दिवसाला दोन किलो, महिन्याला साठ किलो. किलोला ५० रुपये धरले तरी महिना तीन हजार रुपये. बंगल्यावर राबणाऱ्या बाईनें हे तीन हजार आणावे कोठून? म्हणून ती पाव किलो वांगीं आणते, रस्सा पातळ करते, फोडी पोरांच्या आणि नवऱ्याच्या ताटांत वाढते आणि स्वतः रस्सा पिते. रक्त कोणाच्या अंगांतलें आटतें तें यावरून ओळखा.

यावर आमचें म्हणणें असें. औंढ्यासारख्या गांवानें सामायिक परसबाग करावी. जागा अर्धा एकर मिळाली तरी पुरे. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. दोन गुंठे वाट, खताचा खड्डा आणि अवजारांच्या खोपीला सोडले तर अठरा घरांस प्रत्येकीं एक गुंठा येतो, म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. एवढ्या जागेंत माठ, मेथी, चवळी, मिरची, वांगीं आणि कडेला मांडवावर एक दोडका व एक कारलें सुखानें येतें. जागा कोठली, हा पहिला प्रश्न. गायरानावर कुदळ मारूं नका. तें सरकारी दप्तरीं आहे, रीतसर परवानगीशिवाय त्यास हात लावणें म्हणजे अतिक्रमण होय. आणि सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं जगपाल सिंग यांच्या दाव्यांत गांवाच्या सामायिक जमिनी राखण्याविषयीं सर्व राज्यांस कडक शब्दांत बजाविलें आहे. तो निकाल आपल्या हिताचाच आहे, त्यास आपणच छेद देऊं नये. पण शाळेमागें जागा असते, मंदिराभोंवतीं असते, आणि मुंबईस गेलेल्या भाऊबंदांचीं पडीक वावरें असतात. त्यांच्याशीं ग्रामसभेच्या साक्षीनें लेखी करार करा. आपली जमीन कुळकायद्यानें जाईल ही त्यांची भीति लेखानेंच जाईल, तोंडच्या शब्दानें जाणार नाहीं.

वाफे वांटतांना ज्याच्या नांवावर सातबारा त्यास आधीं, असें करूं नका. त्याला परस आहेच. पहिला वाफा भूमिहीनाला, मग सुताराला, लोहाराला, बुरुडाला, कातकरी घराला, आणि नवऱ्यामागें घर चालविणाऱ्या बाईला. कारागिरानें खुरपें शेंवटून द्यावें, टोपली विणून द्यावी, फाटक बसवून द्यावें. तें त्याचें सावडीचें काम म्हणून मोजावें. हें बलुतें नव्हे. बलुत्यांत एक बसे आणि दुसरा उभा राही. येथें दोघेहि वाफ्यांत वांकलेले असतील.

लागलीच कोणीतरी म्हण फेंकील: बारभाईंची शेती, काय लागेल हातीं! म्हण खोटी नाहीं. सारें सामायिक केलें तर काम कोणाचेंच नसतें आणि पीक सर्वांचें असतें. म्हणून सारें सामायिक करूंच नका. वाफा ज्याचा त्याचा, त्यांतलें पीक ज्याचें त्याचें. सामायिक काय? कुंपण, पाणी, खत, बीं आणि जास्त झालेला माल. विलायतेंत हीच तऱ्हा आहे. तेथें १९०८ च्या कायद्यानें स्थानिक मंडळांवर मजूर-कारागिरांस भाजीपाल्यासाठीं जमिनीचे तुकडे खंडानें देण्याची जबाबदारी टाकली. सुमारें अडीच गुंठ्यांचा एकेक तुकडा, भोंवतीं एक कुंपण, पाण्याची एक सोय. दोन्ही महायुद्धांत गोऱ्या मजुराचें घर या तुकड्यांनीं तगविलें, आणि आजहि ते चालूं आहेत. जर्मनींत लाइपझिग शहरीं १८६० नंतरच्या दशकांत अशाच बागा निघाल्या. गिरणींत कामाला जाणारा माणूस संध्याकाळीं बटाटे खणतो यांत तेथें कोणास कमीपणा वाटत नाहीं. आमच्याकडे मात्र पोर दहावी झाला कीं त्याच्या हाताला मातीचा विटाळ होतो!

परदेशच्या गोष्टी नकोत म्हणाल तर जवळचें घ्या. बिदरच्या पलीकडे, तेलंगणांतील झहीराबादच्या आसपास दलित बायकांच्या संघांनीं पडीक पडलेल्या जमिनी वहितीस आणल्या, ज्वारी-बाजरीसारखीं आपलीं जुनीं धान्यें पेरलीं, आणि गांवच्या गांवांत धान्याचा निधि उभारून ज्यांच्या चुलीला विसावा त्यांना आधीं मापून दिलें. केरळांत १९९८ पासून चाललेल्या कुटुंबश्रीच्या बायका पडीक जमीन खंडानें घेऊन भात व भाजी करितात. आधीं घरीं नेतात आणि उरलें तें विकतात. या बायकांपैकीं कित्येकींच्या नांवावर जमीन नव्हती. आपल्याकडे जमीन होती, हाच काय तो भेद.

एक गोष्ट मात्र पुरुषांनीं कान उघडून ऐकावी. परसबाग म्हटलें कीं ती बाईची, असा आपला समज. सरकारी योजना निघतात त्याहि बचत गटांच्या बायकांच्या गळ्यांत पडतात. पहाटे पाणी, मग चूल, मग बंगल्यावरची धुणीं-भांडीं, आणि संध्याकाळीं परत आलें कीं वाफ्याला पाणी, अशी जर ही बाग होणार असेल तर ती न झालेली बरी. रक्त वाढावें म्हणून बाग, आणि बागेपायीं रक्ताचें पाणी, हा कोठला न्याय? कुंपण घालणें, खड्डा खणणें, उन्हाळ्यांत पाणी वाहणें हें पुरुषाचें काम म्हणून ग्रामसभेंत बोलून ठेवा. पारावर बसून जे तास जातात त्यांतला एक पुरे.

पाण्याविषयींहि खोटी आशा दाखवूं नये. पावसाळ्याचे चार महिने आणि पुढें माघापर्यंत बाग भरून येईल. फाल्गुनानंतर निम्मे वाफे मोकळे ठेवावे लागतील. त्या दिवसांत सांडपाण्यावरचें अळू आणि केळ, दारचा शेवगा, आणि भात निघाल्यावर ओलीवर टाकलेले वाल, मसूर, हरभरा वाळवून ठेवलेले, यांवर काढावें. मोकाट गुरें आणि वानरें हीं खरींच संकटें आहेत. त्यांना ग्रामसभेचा ठराव वाचतां येत नाहीं. तेथें पाळी लावून राखणच करावी लागेल, दुसरा इलाज आम्हांस दिसत नाहीं.

राहिलें बीं. येथें आपण सर्वांत अधिक फसलों आहों. दुकानांतली चकचकीत पुडी आणतों, तिच्यावर टमाट्याचें चित्र असतें, पीकहि येतें. पण त्याचें बीं धरून पुढल्या वर्षीं लावलें तर भलतेंच उगवतें, आणि पुन्हां दुकानाची पायरी. अकोले तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचें नांव आतां घरोघर माहीत आहे. महादेव कोळी समाजांतली ही बाई शाळेंत गेली नाहीं. पण तिनें घेवडा, वाल, भात आणि रानभाज्यांचीं गांवठी वाणें गोळा केलीं, बाएफ या संस्थेच्या साहाय्यानें बियाण्यांची बँक घातली, आणि २०२० सालच्या पद्मश्रींत तिचें नांव आलें. तिनें नवें काय केलें? आमच्या आया करीत होत्या तेंच, फक्त तिनें तें सोडलें नाहीं. आणि हें करावयास कायद्याची आडकाठी आहे अशी कोणी भीति घालील तर त्यास सांगावें कीं, २००१ च्या पीक वाणांच्या कायद्यांतील ३९ व्या कलमानें शेतकऱ्यास आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क राखून ठेवला आहे. कंपनीच्या नांवाचा छाप मारून मात्र विकतां येत नाहीं. आपल्याला छाप हवा आहे कशाला?

परवां त्या बाजूस गेलों असतां एका घरीं चहा घेतला. म्हातारीनें उतरंडीवरून गाडगें काढून दाखविलें. राखेंत घातलेले वाल, आणि दुसऱ्यांत घोसाळ्याचें बीं. आम्हीं विचारलें, आजी, हें कोणाला देतां? ती म्हणाली, मागायलाच कोण येतंय बाबा, सुनेला बाजार जवळ आहे. तिच्या बोलण्यांत राग नव्हता, पण आम्हांस तो चहा गोड लागला नाहीं. अशीं गाडगीं या पट्ट्यांत अजून किती घरीं असतील आणि त्या म्हाताऱ्यांबरोबर किती जातील, याचा हिशेब घ्यावयास दहा वर्षें थांबण्याची सोय नाहीं.

वाटून खाण्यानें काय उभें राहतें, याचा दाखला आपल्याच घरांत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह घातलें. सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीला बसवावयाचीं, तर खर्चास पैसा कोठून? भाऊरावांनीं कुणब्याच्या बायकोपुढें पदर पसरला. दळणाला बसतांना एक मूठ धान्य बाजूला काढा, असें सांगितलें. त्या मुष्टिफंडावर, आणि मुलांच्या स्वतःच्या हातच्या मेहनतीवर, खेड्यापाड्यांतल्या पोरांनीं शिक्षण घेतलें. मूठ देणाऱ्या बाईनें तें धान्य मराठ्याचा पोर खाईल कीं महाराचा, हें विचारलें नाहीं. विचारलें असेल तर भाऊरावांनीं तिला जुमानलें नाहीं. वानवळा आमच्या गांवीं जेथें अडत होता, तेथून मुष्टिफंड पुढें गेला.

औंढ्याच्या मंडळींनीं मृगाच्या आधीं, म्हणजे जूनचा पहिला आठवडा उलटण्यापूर्वीं, एवढें तरी करावें. प्रत्येक घरीं कोणतें गांवठी बीं आहे तें ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनें लिहावें: कोणाकडे वाल, कोणाकडे काकडी, कोणाकडे घेवडा. कातकरी वस्तीवर जाऊन विचारावें. कोणती रानभाजी कोठें आणि केव्हां उगवते हें ज्ञान त्यांच्याइतकें कोणाकडे नाहीं, आणि तें फुकट घेऊं नये. शाळेच्या गुरुजींनीं मुलांकडून घराघरांतून एकेक मूठ बीं आणवावें, निवडून, वाळवून, राखेंत घालून नांवाच्या चिठ्ठीसह ठेवावें. वाफे यंदा सहाच झाले तरी चालतील. पहिलें दोडकें उतरेल तेव्हां तें कोणत्या वस्तीवर जातें, तें आम्ही श्रावणांत येऊन पाहणार आहों.